न्यायमूर्ती रानडे आणि विद्यार्थ्यांचा हक्क

विद्यापीठ हे कोणाचे, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेक लोक उत्तर देण्यापूर्वी हसतील. सरकार कायदा करते व पैसा पुरवते, कुलगुरू व अधिसभा कारभार पाहतात, अध्यापक शिकवितात, आणि विद्यार्थी फी भरून, परीक्षा देऊन, पदवीचा कागद घेऊन निघून जातो. तेव्हा यांत प्रश्न तो काय उरला, असे त्यांस वाटते. परंतु ज्याच्यासाठी हा सारा संसार मांडलेला आहे त्या विद्यार्थ्याचे या घरात स्थान कोणते, तो घरचा माणूस की दोन दिवसांचा पाहुणा, हे आपल्या समाजाने अद्यापि मनाशी नीट ठरविलेले नाही. विद्यार्थ्यांस आपले प्रतिनिधी आपण निवडू द्यावेत की नाही, त्यांस आपले मत निर्भयपणे मांडू द्यावे की नाही, हे वाद आपल्याकडे वारंवार उठतात आणि वारंवार विझतात. या वादात मोठमोठी तत्त्वे सांगण्यापेक्षा एका मोठ्या पुरुषाचे चरित्र सांगावे, हे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते. तो पुरुष प्रथम विद्यार्थी होता, मग अध्यापक झाला, आणि अखेरपर्यंत विद्यापीठाच्या कारभाऱ्यांत त्याची गणना होती. विद्यापीठाच्या घराच्या तिन्ही दालनांत राहिलेला असा साक्षीदार दुसरा मिळणे कठीण. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

आमच्या नागपुराच्या उत्तर भागातील जरीपटक्याच्या व्यापारी वाचकांस कदाचित असे वाटेल की, पुण्या-मुंबईच्या या जुन्या न्यायाधीशाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे या वसाहतीत स्थिरावली व त्यांनी येथे आपली बाजारपेठ उभी केली. तो सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत होता. कराचीचे दयाराम जेठमल सिंध कॉलेज १८८७ मध्ये निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठालाच जोडले गेले. सिंधचे स्वतःचे विद्यापीठ १९४७ मध्ये झाले. म्हणजे सिंधमध्ये जे पणजोबा-आजोबा पदवीधर झाले, ते ज्या विद्यापीठाचे पदवीधर, त्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत रानडे होते. दुसरा संबंध वसाहतीच्या नावाचा. जरीपटका हे मराठेशाहीचे मानाचे निशाण. त्या निशाणाच्या राज्याविषयी विद्यार्थीदशेत चांगले लिहिले, याबद्दलच रानड्यांस शिक्षा भोगावी लागली होती.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीस होते, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. मूल अबोल, अंगाने बोजड, चारचौघांत मागे राहणारे. हा पुढे काय करील, अशी घरच्यांस काळजी वाटे. कोल्हापुरात इंग्रजी शाळेचे शिक्षण झाल्यावर १८५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, मुलाला मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये धाडण्यात आले. पुढल्याच वर्षी, १८५७ च्या जुलै महिन्यात, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत रानडे उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी. ए. ची पहिली परीक्षा झाली. तीत जे चौघे पार पडले त्यांत रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांची नावे आहेत. १८६४ मध्ये एम. ए. व १८६६ मध्ये एल्‌एल. बी. याही पदव्या त्यांनी घेतल्या. वाचनाचा ध्यास इतका की डोळे बिघडले, आणि तो विकार जन्मभर सोबतीस राहिला.

ज्या विद्यालयात हा मुलगा शिकावयास आला त्या विद्यालयात विद्यार्थ्यांनी आपला कारभार आपण करण्याची एक परंपरा आधीच पडलेली होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनाने विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासाची एक सभा काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या अग्रभागी होते. सभेत निबंध वाचले जात व त्यांवर वाद होत. सर्वसामान्य लोकांसाठी मराठीत व गुजरातीत व्याख्याने देणाऱ्या ज्ञानप्रसारक सभा तिच्याच शाखा म्हणून निघाल्या. पण ही मंडळी नुसती बोलून थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि आपल्या फुरसतीच्या वेळात, वेतन न घेता, स्वतः शिकविण्यास आरंभ केला. मुलींना शिकविणे हे ज्या काळी घराघरांत पाप समजले जाई त्या काळची ही गोष्ट आहे. मुंबईतील मुलींच्या आरंभीच्या शाळांपैकी काही शाळा या विशी-पंचविशीच्या तरुणांच्या सभेने चालविल्या. विद्यार्थ्यांच्या हाती संस्था दिली तर ते धुडगूस घालतील असे ज्यांस वाटते, त्यांनी हे उदाहरण एकदा तरी मनात घोळवावे.

रानडे याच हवेत वाढले. विद्यार्थी असतानाच ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी निबंध वाचले, आणि १८६२ मध्ये इंदुप्रकाश पत्र निघाले तेव्हा त्याच्या इंग्रजी बाजूचे लेखन त्यांनी अंगावर घेतले. वीस वर्षांचा, शिष्यवृत्तीवर निर्वाह करणारा तरुण सरकारच्या धोरणावर, रूढींवर आणि लोकांच्या दारिद्र्यावर दर आठवड्यास मजकूर लिहू लागला.

याच काळात तो प्रसंग घडला. कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांचे गुरू होते. ग्रँट हे ऑक्सफर्डचे विद्वान, अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित संपादक. कॉलेजचे प्रिन्सिपॉल, आणि विद्यापीठाच्या कारभारातही प्रमुख. रानड्यांवर त्यांचा लोभ होता. रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यकारभाराची मराठ्यांच्या राज्यकारभाराशी तुलना केली आणि ती इंग्रजांस उणेपणा आणणारी होती. ग्रँट यांस ते रुचले नाही. जे सरकार तुला शिकविते त्याची निंदा तू करू नये, अशा आशयाची समज त्यांनी शिष्यास दिली, आणि एवढ्यावर न थांबता रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद करविली.

या शिक्षेचे स्वरूप आमच्या व्यापारी वाचकांनी आपल्या व्यवहाराच्या भाषेत लावून पाहावे. निबंधात चूक होती तर गुण कमी करता आले असते; पुरावा अपुरा होता तर तो मागता आला असता; इंग्रजी कारभाराच्या बाजूने उत्तर लिहून शिष्याचे समाधान करता आले असते. अध्यापकाचे शस्त्र हेच. परंतु येथे प्रश्न विद्येचा न राहता पोटाचा केला गेला. शिष्यवृत्ती ही हुशारीने कमावलेली रक्कम होती. ती मताच्या अपराधाबद्दल रोखण्यात आली. एखाद्या पेढीच्या मालकाने गुमास्त्याचे जमाखर्च चोख असताना, त्याने मालकाच्या घराण्याविषयी न आवडणारी गोष्ट बोलली म्हणून त्याचा पगार अडकवावा, त्यांतला हा प्रकार. आणि त्यावर दाद मागण्याची जागा कोणती? शिक्षा करणारेच गुरू, तेच कॉलेजचे मुख्य, आणि विद्यापीठातही त्यांचाच शब्द वजनदार. विद्यार्थ्याची बाजू मांडील असा एकही माणूस कोणत्याही मंडळावर नव्हता.

ग्रँट हे दुष्ट होते असे मात्र कोणी समजू नये. विद्यार्थ्यांवर प्रेम करणारा, त्यांच्या बुद्धीचे कौतुक करणारा तो गुरू होता, आणि रानड्यांनी पुढे त्यांच्याविषयी कटुता धरली असे दिसत नाही. या प्रसंगाचे महत्त्व नेमके यांतच आहे. प्रेमळ व विद्वान गुरूसुद्धा, सत्ता एकहाती असली आणि जाब विचारणारा कोणी नसला, तर मताबद्दल शिक्षा देऊन बसतो. म्हणून विद्यार्थ्यांचे हक्क गुरूच्या स्वभावावर सोडता येत नाहीत. ते नियमांत लिहावे लागतात, आणि त्या नियमांची राखण करण्यास विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेला माणूस लागतो. आमच्या या लेखाचे सार एवढेच आहे. पुढील चरित्र हे त्याचेच प्रमाण.

रानडे त्या सहा महिन्यांत कॉलेज सोडून गेले नाहीत, आणि त्यांनी आपले मतही सोडले नाही. अभ्यास चालू ठेवला, पदव्या मिळविल्या, आणि १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबई विद्यापीठाचे फेलो झाले; म्हणजे ज्या सभागृहात ग्रँट बसत त्याच सभागृहात आता हा शिष्य सभासद म्हणून बसला. त्या वेळी फेलोंची नेमणूक सरकार करीत असे, निवडणूक नव्हती. रानड्यांस जागा मिळाली ती त्यांच्या लोकोत्तर बुद्धीमुळे. पण ज्याची बुद्धी लोकोत्तर नाही अशा सामान्य विद्यार्थ्याची दाद कोणी घ्यावी, हा प्रश्न तसाच उरला.

१८६६ नंतर काही काळ त्यांनी सरकारी भाषांतरकाराचे काम केले, अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत चाकरी केली आणि १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजातच इंग्रजी व इतिहास या विषयांचे अध्यापन केले. १८७१ मध्ये ते न्यायखात्यात शिरले व पुण्यास आले. तेथे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी आदल्या वर्षी स्थापन केलेली सार्वजनिक सभा त्यांची वाट पाहत होती. या सभेची एक गोष्ट प्रस्तुत विषयात फार लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्या सभासदास आपण होऊन पुढारी म्हणविता येत नसे. निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे तेव्हा सभासदत्व मिळे. लोकांच्या वतीने बोलावयाचे तर लोकांचा अधिकार हाती असला पाहिजे, हे तत्त्व त्या काळी, देशात कोठेही खऱ्या निवडणुका नसताना, पुण्यातील वकिलांनी, सावकारांनी व इनामदारांनी आचरणात आणले. रानड्यांनी या सभेस अभ्यासाची जोड दिली. दुष्काळ, सारा, व्यापार, न्याय यांवर आकडे गोळा करून सरकारपुढे अर्ज करावयाचे, ही पद्धत त्यांची. १८७५ च्या सुमारास पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेमागेही त्यांचीच प्रेरणा होती.

सरकारचा संशय मात्र पाठ सोडीना. १८७८ मध्ये त्यांची नाशिकास बदली झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असता त्यांस धुळ्यास हलविण्यात आले आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवण्यात आली. विद्यार्थीदशेत शिष्यवृत्ती गेली, नोकरीत बदली आली. अपराध दोन्ही वेळी एकच, स्वतंत्र विचार. दोन्ही वेळी त्यांनी काम थांबविले नाही आणि दोन्ही वेळी सरकारलाच अखेर त्यांची योग्यता मान्य करावी लागली. १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर रानड्यांची नेमणूक झाली.

विद्यापीठाच्या सभागृहात त्यांनी काय केले, हे येथे विशेष सांगितले पाहिजे, कारण विद्यार्थी असताना जे भोगले ते अधिकारी झाल्यावर किती जणांच्या स्मरणात राहते? रानड्यांच्या राहिले. विद्यापीठाच्या आरंभी देशी भाषांस परीक्षांत जे स्थान होते ते थोड्याच वर्षांत वरच्या वर्गांतून काढून घेण्यात आले होते. मराठी मुलाने इंग्रजीत विचार करावा, संस्कृत किंवा लॅटिन पाठ करावे, आणि आईच्या भाषेला विद्येच्या दाराबाहेर ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. रानड्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा साधार वृत्तांत लिहून सभागृहापुढे ठेवला. एम. ए. च्या परीक्षेत मराठीस स्थान देण्याचा निर्णय झाला तो १९०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी. ज्या आईबापांची मुले आज मराठीत, सिंधीत किंवा हिंदीत उच्च शिक्षण घेऊ पाहतात त्यांनी हे ऋण विसरू नये.

दुसरे काम याहून करुण. नवे पदवीधर तरुणपणीच मरत आहेत, हे रानड्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नावनिशीवार माहिती जमवून १८९४ मध्ये पदवीधरांच्या अकाली मृत्यूंवर निबंध वाचला आणि परीक्षांचे अवजड ओझे हे त्याचे एक कारण म्हणून दाखविले. त्यावर पुण्या-मुंबईत मोठा वाद माजला. कोणी बालविवाहास दोष दिला, कोणी दारिद्र्यास, कोणी व्यायामाच्या अभावास. निदान काही असो, विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या जिवाचाही हिशेब ठेवला पाहिजे, ही गोष्ट सभ्य समाजापुढे मांडणाऱ्यांत रानडे अग्रेसर होते. परीक्षेच्या भीतीने व निराशेने आजही जी कोवळी मुले जिवास मुकतात त्यांच्या बातम्या वाचताना हा जुना निबंध आठवल्याखेरीज राहत नाही.

१८९१ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन आमच्या नागपुरात भरले आणि तिच्याबरोबर सामाजिक परिषदही भरली. त्या परिषदेचा प्राण रानडेच होते, आणि त्या निमित्ताने ते या शहरात येऊन बोलले. नागपुरास तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. १८८३ चे हिस्लॉप कॉलेज व १८८५ चे मॉरिस कॉलेज ही दोन्ही परप्रांतीय विद्यापीठांच्या छत्राखाली चालत. नागपूर विद्यापीठ १९२३ च्या ऑगस्टात स्थापन झाले व सर बिपिन कृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले.

रानड्यांचे चरित्र सांगताना त्यांच्या उणिवा झाकून ठेवणे हे त्यांच्याच सत्यप्रीतीस शोभणार नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहास मान देऊन अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, आणि पुण्यातील मिशनमध्ये चहा घेतल्याच्या वादात अखेर प्रायश्चित्तही घेतले. लोकांनी त्यांस भित्रे म्हटले, आणि त्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. मात्र त्याच मुलीस, म्हणजे रमाबाईंस, त्यांनी घरच्यांचा विरोध सोसून शिकविले, आणि पुढे रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे शेकडो स्त्रियांस शिक्षणाची वाट दाखविली. दुसरी उणीव त्या सर्व पिढीची आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या सभांचे आम्ही वर कौतुक केले त्यांत शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले जवळजवळ नव्हतीच. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हीच तक्रार केली की, गोरगरिबांच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले शाळेच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांच्या स्वराज्याचा विचार करताना, ते स्वराज्य कोणत्या विद्यार्थ्यांचे, हाही प्रश्न विचारावा लागतो. मूठभर घराण्यांच्या मुलांनी सर्वांच्या नावे कारभार करणे म्हणजे स्वराज्य नव्हे.

आयुष्याच्या शेवटी, १९०० मध्ये, रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. मराठेशाही ही लुटारूंची टोळी नसून तिच्यामागे साऱ्या महाराष्ट्राची धार्मिक, सामाजिक व राजकीय जागृती होती, असे त्यांनी त्यात साधार दाखविले. ज्या विषयावरील निबंधाबद्दल सहा महिने शिष्यवृत्ती बंद झाली होती त्याच विषयावर चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांनी हा ग्रंथ दिला, आणि आज मराठ्यांच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक तो ओलांडून पुढे जात नाही. शिष्यवृत्ती थांबविता आली. विचार थांबविता आला नाही. पुढील वर्षी १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागोमाग विद्यापीठांवर सरकारची पकड अधिकच घट्ट झाली. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने जुन्या विद्यापीठांच्या सामान्य फेलोंची संख्या जास्तीत जास्त शंभर ठरविली व त्यांतील बहुतेक जागा नेमणुकीच्या ठेवून निवडणुकीस थोड्याच सोडल्या. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे कौन्सिलात त्यास विरोध केला, पण त्यांचे चालले नाही. त्या कायद्यामागचा विचार असा होता की, वरून नेमलेला माणूस शहाणा व खालून निवडलेला माणूस उपद्रवी. हा विचार इंग्रजांबरोबर समुद्रापार गेला असे ज्यांस वाटते त्यांनी पुढचा इतिहास पाहावा.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत असत. त्यांत मारामाऱ्या शिरल्या, पैसा शिरला, राजकीय पक्षांची गर्दी शिरली. अखेर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकून परीक्षेत सर्वांत अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी तोच वर्गाचा प्रतिनिधी, अशी रीत घातली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीचे तत्त्व पुन्हा कागदावर आणले व विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षास अधिसभेत जागा ठेवली. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारीही झाली, आणि त्या पुढे ढकलण्यात आल्या. तक्रारींच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये नियम करून प्रत्येक विद्यापीठास लोकपाल नेमण्यास सांगितले, ही सुधारणा खरी. परंतु तक्रार ऐकणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचा जो प्रतिनिधी बसावयाचा तो नेमलेला, आणि तोही विशेष निमंत्रित म्हणून. शिष्यवृत्ती गमावलेल्या रानड्यांस दाद मागण्यास जागा नव्हती. आजच्या विद्यार्थ्यास जागा आहे, पण तेथे त्याचे म्हणणे मांडणारा त्याचा स्वतःचा माणूस नाही, एवढाच काय तो फरक.

सर्वाधिक गुण मिळविणारा विद्यार्थी हाच उत्तम प्रतिनिधी, हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. पण आमच्या व्यापारी बंधूंनी विचार करावा की, बाजारातील व्यापारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून ज्याची विक्री सर्वांत मोठी त्यासच, कोणाचेही मत न घेता, बसवावे असा हुकूम निघाला तर ते तो मानतील काय? ज्याचा व्यापार मोठा त्याला लहान दुकानदाराची अडचण कळेलच असे नाही. तसेच ज्याला पहिला क्रमांक सहज मिळतो त्याला वसतिगृहातील सडक्या जेवणाची, रखडलेल्या शिष्यवृत्तीची, उशिरा लागणाऱ्या निकालाची किंवा मुलींच्या असुरक्षित वाटेची धग लागेलच असे नाही. प्रतिनिधित्व हे विश्वासाचे नाते आहे, आणि विश्वास हा गुणपत्रिकेवर छापता येत नाही. शिवाय अठरा वर्षांच्या तरुणास १९८९ पासून या देशाची लोकसभा निवडण्याचा अधिकार आहे. जो देशाचे सरकार निवडण्याइतका शहाणा, तो आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतका शहाणा नाही, हे तर्कशास्त्र आम्हांस उमजत नाही.

निवडणुकांत दंगे होतात, हा आक्षेप खरा आहे व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलगा कॉलेजात धाडावा आणि तो डोके फुटून घरी यावा, ही भीती आईबापांच्या मनात असणे साहजिक आहे. परंतु दुकानात चोरी झाली म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही, कुलूप बळकट करतो. तसे कुलूप तयारही आहे. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांवर जाऊ नये, छापील फलक लावू नयेत, उमेदवाराची वर्गातील हजेरी निदान ७५ टक्के असावी, असे नियम त्यांत आहेत. हे नियम कडकपणे पाळले तर पैशाचा व गुंडगिरीचा पुष्कळसा बंदोबस्त होईल. न पाळले तर दोष निवडणुकीचा नव्हे, पाळून न घेणाऱ्यांचा.

ही कल्पना काही पाखंडी किंवा नवी नाही. युरोपातील अतिप्राचीन विद्यापीठांपैकी एक जे इटलीतील बोलोन्याचे, तेथे मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघ आपला प्रमुख आपण निवडीत, आणि तासास उशिरा येणाऱ्या अध्यापकास दंडही करीत. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी १९१८ मध्ये विद्यापीठाच्या कारभारात वाटा मागितला, व ते तत्त्व दक्षिण अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी पुढे उचलले. बोलोन्याप्रमाणे अध्यापकांस दंड करण्याचा अधिकार आमच्या विद्यार्थ्यांस द्यावा असे आम्ही म्हणत नाही. शिकविण्याचे व परीक्षेचे काम अध्यापकांचेच राहिले पाहिजे. परंतु वसतिगृह, ग्रंथालय, शुल्क, शिष्यवृत्ती, तक्रारनिवारण व शिस्तीची शिक्षा या बाबींत विद्यार्थ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीचे मत विचारल्यावाचून निर्णय होऊ नये, आणि मत मांडल्याबद्दल कोणाही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा किंवा परीक्षेचा हक्क हिरावून घेतला जाऊ नये, एवढी मर्यादित मागणी कोणत्याही समंजस माणसास मान्य व्हावी.

हे घडवून आणण्यात पालकांचा वाटा थोडा नाही. जरीपटक्यातील अनेक घरांनी एक पिढी निर्वासित म्हणून काढली. दुसऱ्यांनी आखलेल्या छावण्यांत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या याद्यांत आपले नाव शोधत त्यांनी दिवस काढले. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता झाले म्हणजे काय वाटते, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आज विद्यापीठात शिकत असेल, तर तिला निमूटपणे डोके खाली घालून पदवी आण एवढाच उपदेश करू नये. वर्गाची सभा घे, आपला माणूस निवड, पैशाचा हिशेब माग, विरुद्ध मताचे ऐकून घे आणि आपले मत पुराव्यानिशी मांड, हेही तिला सांगावे. वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा विद्यार्थी उद्या नगरपालिकेचाही हिशेब विचारील, आणि ज्या शहरात असा हिशेब विचारणारे नागरिक आहेत त्या शहरात व्यापारही सुखाने चालतो.

विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांस आमची विनंती आहे की, २०१६ च्या कायद्याने जे विद्यार्थ्यांस देऊ केले ते कागदावरून वर्गात आणावे, निवडणुकीची तारीख ठरवावी व ती पाळावी. शासनास आमची विनंती आहे की, निवडणुका पुढे ढकलण्याचे कारण जेव्हा जेव्हा सापडेल तेव्हा तेव्हा, एका प्रिन्सिपॉलच्या रोषाने सहा महिने शिष्यवृत्तीवाचून काढलेल्या त्या विद्यार्थ्याचे स्मरण करावे. त्याच्यासारखा स्वतःच्या बुद्धीच्या बळावर वर येणारा पिढीत एखादाच निघतो. बाकीच्या हजारोंस नियमाचा व प्रतिनिधीचा आधार लागतो, आणि तो देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे.